ती पट्टी मी काढली नाही

"ताई, ही पट्टी तेवढी सोडवून द्या. पाकीट अगदी विद्रूप दिसतंय," काकू म्हणाल्या. गिरगावातलं बिऱ्हाड हलवताना त्यांच्या सासूबाईंच्या ट्रंकेत ते सापडलं होतं. जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम. ओलावा दिला असता तर अर्ध्या तासात पट्टी सुटली असती.

भिंगाखाली धरलं आणि चिमटा बाजूला ठेवला. पत्ता खेड तालुक्यातला, धाडणारे काकूंचे सासरे, रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी. समोर सेन्सॉरचा शिक्का. जहाजाचं नाव नाही, बंदराचं नाही. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं टपाल तसंच निघे. खलाशांची पत्रं जहाजावरचे अधिकारी वाचत आणि ठावठिकाणा कळेल असं काही बाहेर जाऊ देत नसत. पण हे पत्र मराठीत. ते वाचायला मराठी जाणणारा परीक्षकच हवा. त्याने पाकीट कडेने कापलं, वाचलं आणि ही पट्टी लावून बंद केलं. म्हणजे काकूंच्या सासूबाईंच्या आधी एका परक्या मराठी माणसाने ते वाचलं होतं. त्याची खूण एवढी पट्टीच. ती कशी काढू?

आम्ही टपालसंग्राहक अशा वेळी पाकीट उलटं करतो. मागे पोचल्याचा शिक्का होता: २४ एप्रिल १९४४.

"तेव्हा ते मुंबईतच, गोदीत होते," काकू म्हणाल्या.

१४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ते सांगितलं. इथल्या बातमीदारांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी पाठवू दिली नाही.

आतल्या कागदात ब्लेडने कापलेली चौकट होती, तीन ओळींची. तिच्याखाली लगेच 'मी खुशाल आहे, काळजी करू नये'. कापलेल्या ओळींत गोदीच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कशाची काळजी करू नये हे खेडला कळलं नसणार. कागद पाठपोट लिहिलेला, त्यामुळे मागचा मजकूरही गेला. तिथे 'धाकटीला' एवढा शब्द उरलाय, पुढे भोक.

अशी भोकं मी एरवी पातळ, चिवट जपानी कागदाने भरते. या वेळी फक्त विरलेल्या कडा सांधल्या.

काकूंनी तो शब्द दोनदा वाचला. "धाकटी म्हणजे माझी नणंद. दहिसरला असते." आणि तिथूनच त्यांनी फोन लावला.