बुंदीची चिप

2023च्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती आणि टेबलावर बुंदी उभी होती. नऊ वर्षांची, पिवळसर, एक कान कायम पडलेला, अस्सल गावठी कुत्री. तीन दिवसांनी तिचं मुंबईहून म्युनिकचं विमान होतं. माझ्याकडे फक्त शेवटची तपासणी आणि फिटनेस सर्टिफिकेट उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईत अ‍ॅनिमल क्वारंटाइनचे सरकारी डॉक्टर तिला बघणार आणि युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट देणार. हा कागद आधी करून ठेवता येत नाही, कारण तिथं पोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलाच चालतो.

मानेमागं कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर वाचायला सवयीनं स्कॅनर फिरवला. बीप नाही. परत फिरवला. स्क्रीन कोरीच.

माझ्या पोटात गोळा आला. बुंदीला रेबीजची लस दरवर्षी मिळालेली, तिच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, सगळे स्टिकर फाइलला लावलेले. पण युरोपच्या हिशेबात आधी चिप आणि मग लस, निदान त्याच दिवशी तरी. चिपच्या आधीच्या लसी धरतच नाहीत. फेब्रुवारीत हे सांगितलं तेव्हा काका भडकले होते. "डॉक्टर, इतकी वर्षं पैसे मोजून इंजेक्शनं दिली, त्यात काय पाणी होतं?"

"पाणी नव्हतं काका. पण ती बुंदीलाच दिली याचा पुरावा त्यांना हवाय."

मग चिप बसवली, लस दिली, तीस दिवस उलटल्यावर रक्त काढून युरोपीय संघाच्या यादीतल्या लॅबकडे पाठवलं. अँटिबॉडी, म्हणजे लसीनं रक्तात तयार होणारी संरक्षक प्रथिनं, मिलिलिटरला किमान 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) लागतात, बुंदीच्या भरपूर निघाल्या. तरी रक्त काढल्यापासून पुढं तीन महिने थांबायचंच. लोकांना हा शुद्ध छळ वाटतो. मला वाटत नाही. लस देण्याआधीच कुत्रं चावलेलं असेल, तर रक्तात अँटिबॉडी दिसतात आणि आजारही आत दबा धरून असू शकतो. तो बाहेर पडायचा तर बहुतेक वेळा या मुदतीत पडतो. जर्मनीनं कोल्ह्यांना आमिषातून लस चारून चारून 2008मध्ये वटवाघळं वगळता रेबीज संपवला. ते आपल्याकडून येणाऱ्या कुत्र्याकडे संशयानं बघणारच.

ही सगळी उतरंड एका पंधरा आकडी नंबरावर उभी. तो वाचता आला नाही तर लस कुणाला दिली, रक्त कुणाचं, सगळंच अधांतरी. म्हणजे नवी चिप, नवी लस आणि पुन्हा चारेक महिने. त्यात मालकाच्या प्रवासाच्या मागं-पुढं पाच दिवसांत जनावर गेलं नाही, तर ते व्यापारी मालाच्या नियमांत जातं. म्हणून एप्रिलमध्ये तिकडे नोकरीवर रुजू झालेली काकांची मुलगी बुंदीला न्यायला रजा काढून परत आली होती. ती टेबलापाशी उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"पडली असेल का चिप?" तिनं विचारलं.

"थांब जरा, आधी शोधू."

आधी स्कॅनरवरच संशय. सेल बदलले, कपाटातून सीलबंद चिपचं पाकीट काढून त्याच्यावर धरला. लगेच बीप. मशीन ठीक होतं. बुंदीचा पट्टा काढला, कारण धातूचं बकल असलं की वाचन गडबडतं. कॉम्प्युटरपासून लांब, बाकावर बसवली. मग स्कॅनर अंगाला टेकवून, अगदी सावकाश, नागमोडी फिरवत निघालो. मान, उजवा खांदा, छाती. एक्स-रेच्या माणसाला थांबायला सांगितलं होतं, म्हणजे निदान चिप आत आहे की नाही ते तरी कळलं असतं. तेवढ्यात डाव्या पायावर कोपराच्या जरा वर आलो आणि बीप वाजला.

मुलीनं फाइल उघडली. मी आकडे मोठ्यानं वाचले, तिनं लॅबच्या रिपोर्टवर बोट ठेवून एकेक टिपला. पंधराच्या पंधरा जुळले. बोटानं चाचपलं तर कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सरकत होतं. चिप कधीकधी अशी खाली उतरते, पण इतकी लांब गेलेली मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

सर्टिफिकेटवर नंबराशेजारी 'डावं कोपर' असं ठळक लिहिलं, तीच चिठ्ठी पिंजऱ्यालाही लावायला दिली. काकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "झोपेचं काही देता का? घाबरेल बिचारी." नाही. गुंगी दिलेलं जनावर बहुतेक एअरलाइन घेतच नाहीत आणि ते योग्यच आहे. वर विमानात श्वास मंदावला, तर बघणार कोण? त्यापेक्षा काकांचा न धुतलेला बनियन पिंजऱ्यात टाका म्हटलं.

मुंबईचं काम सुरळीत झालं. म्युनिकला अधिकाऱ्यानं अपेक्षेप्रमाणे मानेमागंच स्कॅनर फिरवला आणि भुवया उंचावल्या. मुलीनं चिठ्ठी पुढं केली, पाय दाखवला, दोन मिनिटांत मोकळी.

काका हल्ली दर महिन्याला फोन करून विचारतात, बुंदीला सुट्टीपुरतं इकडे आणायचं तर काय काय लागेल. क्वारंटाइनवाल्यांची एनओसी आधी काढावी लागेल म्हटलं की म्हणतात, "आपल्याच कुत्रीला?"