चौथ्या फॉलोअपनंतर

दत्तक मूल घरी आलं की पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेच्या समाजसेविका फॉलोअपसाठी येतात. वजन-उंची, लसी, झोप, शाळा, घरातल्यांशी कसं जमतंय ते बघतात आणि अहवाल काराच्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर चढवतात. असे चार अहवाल झाले की सरकारी देखरेख संपते. सव्वा वर्षाचं बाळ आलं असेल तर तेव्हा ते जेमतेम सव्वातीन वर्षांचं असतं. "मी तुझ्या पोटातून आलो का?" हा प्रश्न बहुतेक घरांत त्यानंतर येतो. शाळेतला कुटुंबवृक्ष, मावशीच्या लग्नात कुणीतरी हळूच टाकलेलं वाक्य, तेराव्या वर्षी धाडकन बंद झालेलं खोलीचं दार, हे सगळंही त्यानंतरचंच. त्यामुळे दत्तक पालकांचा गट उभा करायचा तर तो या चौथ्या फॉलोअपनंतरच्या वर्षांसाठी करायला हवा. होतं मात्र उलटं. बहुतेक गट मूल मिळेपर्यंतच्या काळातच अडकून पडतात.

सुरुवातीला चार कुटुंबं पुरतात. संख्या बारावर गेली की गटाचे दोन करा, नाहीतर बोलणारी तीन-चार माणसंच बोलत राहतात. कुटुंबं शोधणं मात्र सोपं नसतं, कारण संस्था कुणाची नावं-नंबर देत नाही, आणि देऊही नये. उपाय साधा आहे: एक पानी पत्र लिहायचं. गट कुणासाठी आहे, कधी भेटतो, फोन कुठे करायचा, एवढंच त्यात असावं. ते जवळच्या विशेष दत्तक संस्थेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवायचं आणि मूल घरी नेताना पालकांच्या हातात देण्याची विनंती करायची. दोन-तीन बालरोगतज्ज्ञांकडेही प्रती ठेवाव्यात. पत्रावर कुणाचा खासगी नंबर टाकू नका, गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. वर्तमानपत्रात किंवा फेसबुकवर जाहिरात देण्याचा मोह टाळा. त्याने गर्दी जमते, पण ती भलत्यांची.

जागा म्हणून संस्थेचं सभागृह पहिल्यांदा सुचतं, कारण ते फुकट मिळतं. तिथे भेटू नका. सहा-सात वर्षांचं मूल ज्या इमारतीतून बाहेर पडलं, तिच्या फाटकातून पुन्हा आत शिरताना त्याला एकच गोष्ट वाटते: मला परत सोडायला आणलंय. शिवाय ज्यांचे फॉलोअप अजून चालू आहेत ते पालक समाजसेविकेच्या देखत "मला या मुलाबद्दल काहीच वाटत नाहीये" असं कधीच म्हणणार नाहीत, आणि गटाची खरी गरज याच वाक्याला असते. रविवारी रिकामी असणारी शाळा, वाचनालयाची खोली, सोसायटीचा हॉल यांपैकी काहीही चालेल. फक्त खोल्या दोन हव्यात आणि मधलं दार बंद होणारं हवं. मुलांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी मोठी माणसं हवापाण्याच्या पलीकडे बोलत नाहीत.

आता प्रतीक्षा यादीतल्या जोडप्यांबद्दल. त्यांची तगमग खरी असते, वाट वर्षानुवर्षं बघावी लागते. पण सहा पालककुटुंबांच्या बैठकीत दहा वाट बघणारी जोडपी आली की बैठक त्यांची होते. तुम्हाला रेफरल, म्हणजे मुलाचा प्रस्ताव, किती दिवसांनी आला, कुठल्या राज्याचा पर्याय टाकला, ४८ तासांत निर्णय कसा घेतला, हेच चालतं. अकरा वर्षांचा मुलगा पैसे चोरतोय म्हणून हवालदिल होऊन आलेली आई मग गप्प बसते, कारण तिला त्यांना घाबरवायचं नसतं. म्हणून त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा वेगळी बैठक ठेवा. दोन अनुभवी पालक तिथे जातील.

याच गर्दीतून दलालही शिरतो. "ओळखीच्या हॉस्पिटलात बाळ आहे, कागदपत्रं होतील" असा निरोप आला तर चर्चा करू नका. त्या माणसाला काढा, निरोपाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि १०९८वर किंवा पोलिसांना कळवा. मूल विकणं आणि विकत घेणं या दोन्हींना बालन्याय कायद्याच्या कलम ८१खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. फसलेलं जोडपं त्यात विकत घेणारं ठरतं, हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेलं बरं.

नात्यातलं मूल घेतलेल्या घरांना मात्र जरूर बोलवा. भावाचं किंवा नणंदेचं मूल घेतलं की लोकांना वाटतं, इथे कसला प्रश्न. पण जन्म देणारी आई इथे काकू म्हणून भाऊबीजेला समोर बसलेली असते, सगळ्या गावाला माहीत असतं आणि एकट्या मुलालाच माहीत नसतं.

बैठक दोन तासांची. पहिली वीस मिनिटं चहा, उशिरा येणाऱ्यांसाठीही तीच. मग गोल बसून प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. एकाने वेळ सांभाळायची, दुसऱ्याने चर्चा. दोन्ही कामं एकाकडे दिली की दोन्ही बिघडतात. उरलेला वेळ एकाच विषयाला. "तू असं कर" हे वाक्य बाद. "आम्ही असं केलं, त्याचं असं झालं" हे चालेल. मागितल्याशिवाय सल्ला नाही. मराठी माणसाला हा नियम पाळणं जड जातं, तेव्हा तो फळ्यावर लिहूनच ठेवा.

सगळ्यात कडक नियम वेगळाच आहे. मूल कुठे सापडलं, कुणी सोडलं, जन्मदात्रीची परिस्थिती काय होती, हे गटात कुणीही सांगायचं नाही. मन मोकळं करायला आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण गटातली मुलं एकत्र वाढतात. आज सहज ऐकलेली गोष्ट दहा वर्षांनी दुसऱ्या घरातल्या मुलाच्या तोंडून बाहेर पडते, आणि चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या जन्माची हकिकत मैत्रिणीकडून कळते. सीमा अशी आखा: आज घरात काय घडतंय, आम्हाला काय जड जातंय, हे आपलं आहे. घरी येण्याआधीचं सगळं मुलाचं आहे. ते बोलायची गरज पडली तर समुपदेशकाकडे, दार लावून.

व्हॉट्सअॅपचा गट फक्त सूचनांसाठी ठेवा, लिहिण्याची परवानगी अॅडमिनलाच. मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, वाढदिवसाचेही नाहीत. रात्री अकरा वाजता रडू आलेल्या आईला ग्रुपवर चाळीस हात जोडलेले इमोजी मिळून उपयोग नसतो. तिच्यासाठी तीन माणसांचे नंबर ठरवून ठेवा, दर सहा महिन्यांनी माणसं बदला. त्या तिघांत एक बाप असलाच पाहिजे. पुरुष गटात बोलत नाहीत, फोनवर मात्र बोलतात.

गटात सर्वात उपयोगी पडणारं काम म्हणजे बोलण्याची तालीम. एकाने आत्याबाई व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. "पोटच्यासारखंच करता हो अगदी!", "फार पुण्याचं काम केलंत", "कुणाचं रक्त आहे कोण जाणे", "याची खरी आई कुठे असते?" ही चार वाक्यं महाराष्ट्रात कुठेही ऐकू येतात आणि पहिल्यांदा ऐकली की जीभ टाळ्याला चिकटते. "पुण्य कसलं, आम्हाला मूल हवं होतं." "खरी आई मीच. जन्म देणारी वेगळी." "त्याची गोष्ट त्याची आहे, मोठा झाला की त्यालाच विचारा." उत्तरं लहान हवीत, कारण मूल शेजारी उभं राहून ऐकत असतं आणि आत्याबाईंना काय पटलं यापेक्षा आईचा आवाज कापला का, हे त्याला आधी कळतं.

मुलाला सांगायचं कधी, हा प्रश्न प्रत्येक नवीन कुटुंब विचारतं. तीन-चार वर्षांच्या आतच 'दत्तक' हा शब्द घरात वावरायला हवा. तेव्हा त्याला अर्थ कळत नाही, आणि तेच बरं. अर्थ सहा ते आठच्या दरम्यान उमगतो: मी या घरात आलो, म्हणजे आधी कुणापासून तरी दुरावलो. आजवर आनंदाने आपली गोष्ट सांगणारं मूल मग अचानक गप्प होतं किंवा चिडचिड करतं आणि पालकांना वाटतं, सांगून चूक झाली. तशी चूक झालेली नसते, समज वाढलेली असते. ज्यांचं मूल या टप्प्यातून गेलंय ते घर बैठकीत असेल तर हे दोन मिनिटांत कळतं.

मुलांच्या खोलीत मात्र दत्तक या विषयावर अवाक्षर नको. दहा वर्षांखालच्यांना क्रिकेट, चित्रं, शेवटी पोहे किंवा खिचडी एवढं पुरे. आपल्यासारखी आणखी आठ मुलं आहेत आणि त्यात विशेष काही नाही, हे त्यांना खेळताखेळता कळतं. तिथे कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्या माणसाजवळ मुलं सोडायची नाहीत, कितीही ओळखीचा असो. बारानंतरच्या मुलांची बैठक वेगळी, आईबाप बाहेर, आत प्रशिक्षित समुपदेशक. दत्तक म्हणून वाढलेली पंचविशी-तिशीतली माणसं यायला तयार असतील तर उत्तम. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या आणि "जन्मदात्रीला भेटलात का?" असं विचारू नका. मुळांच्या, म्हणजे जन्मदात्यांच्या, शोधाची माहिती नेमकी असू द्या: अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांसोबत, आणि जन्मदात्यांच्या गोपनीयतेला धक्का लावता येत नाही. म्हणजे अर्ज केला की पत्ता मिळेलच असं नाही. हे मुलांना आधी माहीत असावं.

मोठी मुलं दत्तक घेतलेल्या घरांना पहिल्या वर्षात गटाची सर्वात जास्त गरज असते. पहिले काही आठवडे मूल अतिशय शहाण्यासारखं वागतं. मग पारखायला लागतं: तोडफोड, खोटं बोलणं, "तू माझी आई नाहीस". उशीखाली पोळ्या सापडतात. यावर शिक्षा नको आणि उशी त्याच्यासमोर उचकटणंही नको. त्याचा हात पोचेल अशा फळीवर एक डबा ठेवा, चिवडा, लाडू, बिस्किटं असं काही, आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नका. काही महिन्यांत साठवणं हळूहळू कमी होतं. यादी देशभराची असल्यामुळे नाशिकच्या घरात ओडिया बोलणारं मूल येऊ शकतं. पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, भीती वाटते, असे पन्नासेक शब्द त्याच्या भाषेत, देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा. ती भाषा बोलणारा माणूस शोधून देणं हे गटाने आपलं काम मानावं.

आणि कधीतरी कुणीतरी म्हणेल, "परत द्यावंसं वाटतंय." ऐकणाऱ्याने दचकायचं नाही, समजही द्यायची नाही. त्याच आठवड्यात संस्था आणि समुपदेशक दोघांशी गाठ घालून द्यायची. असं बोलून दाखवणाऱ्या पालकांना अजून मदत करता येते. धोका न बोलता कुढणाऱ्यांना जास्त असतो.

आजी-आजोबांसाठी वर्षातून एक बैठक ठेवा. गोत्र, मुंज, कुळाचार, शेतीची वाटणी, हे त्यांचे प्रश्न मुलगा-सुनेला चिडवतात, पण दुसऱ्या आजीने उत्तर दिलं की चटकन पटतात.

शाळेचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात. "जन्मापासूनचे फोटो आणा", "बाळ असताना तुमचं वजन किती होतं", कुटुंबवृक्ष, हे उपक्रम वर्षभरात केव्हाही येतात. पत्र गटाच्या नावाने सगळ्या शाळांना द्या. त्यामुळे आपल्या वर्गातलं कुठलं मूल दत्तक आहे ते बाईंना कळायचं कारण उरत नाही. पर्यायही पत्रातच द्या: फोटो कोणत्याही वयाचा, आणि झाडाऐवजी 'माझ्या घरातली माणसं'.

डॉक्टरांकडे 'घराण्यात कुणाला मधुमेह?' या रकान्यात सरळ 'माहीत नाही' लिहायला शिका. 'नाही' लिहिणं चूक आहे. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अनेकदा अंदाजाने ठरलेली असते, तेव्हा दात किंवा उंची कागदाशी जुळत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना ते सांगा. भारतातून स्वीडनला दत्तक गेलेल्या मुलींना पाळी लवकर आल्याचं तिथल्या अभ्यासात १९९१मध्येच नोंदवलं गेलं होतं. आठव्या-नवव्या वर्षीच लक्ष ठेवलेलं चांगलं. जातीचा दाखला, वारसाहक्क असे विषय गटात सोडवू नका, वकिलाचा नंबर द्या.

पैसे बैठकीला घरटी शंभर रुपये, हिशेब त्याच दिवशी वाचून दाखवायचा. प्रायोजक नको, त्याला मुलांचे फोटो लागतात. संस्था म्हणून गटाच्या नोंदणीची घाई पहिल्या वर्षी करू नका.

मुलं पाच ते दहाच्या दरम्यान असताना कुटुंबं येईनाशी होतात, कारण घरात सगळं छान चाललेलं असतं. त्यांची नावं यादीतून काढू नका, वर्षातून एकदा, जूनमध्ये फोन करा. ती बारा-तेराव्या वर्षी परत येतात, बहुतेक वेळा त्याच जुन्या पत्रावरचा नंबर शोधून. म्हणून खजिनदाराच्या वहीत पहिल्या ओळीला एकच काम लिहून ठेवा: सिमकार्डचं रिचार्ज.