लव्हडे: समेटाच्या दिवसाचं नाव

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहायला आल्यापासून मुलींची कितीतरी अनोळखी नावं कानावर पडली. त्यांतलं माझं सगळ्यांत लाडकं नाव लव्हडे. इंग्लंडात इतरत्र ते जवळपास विसरलं गेलं, कॉर्नवॉलने मात्र जपलं. ऐकताच आपल्याला व्हॅलेंटाइन डे आठवतो, पण या नावाचं मूळ प्रेमिकांत नाही, कोर्टकचेरीत आहे.

मध्ययुगात जमिनीवरून, पैशावरून वाद पेटला, की निकालाची वाट न बघता एक दिवस ठरवून दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवत आणि मध्यस्थ समेट घडवून आणत. तो दिवस म्हणजे 'लव्हडे'. लॅटिन दस्तऐवजांत त्याला 'दिएस अमोरिस', म्हणजे प्रेमाचा दिवस, म्हटलंय. आपल्याकडच्या तंटामुक्ती समितीची बैठकच म्हणा ना! चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने रंगवलेला भिक्षूही अशा दिवशी मध्यस्थी करण्यात पटाईत आहे. त्या दिवशी जन्मलेल्या बाळाला हेच नाव देत, असं सांगतात. पूर्वी ते मुलग्यांचंही असे.

सगळ्यांत गाजलेला लव्हडे 25 मार्च 1458चा. त्याआधी तीन वर्षांपूर्वी सेंट ऑल्बन्सच्या लढाईत यॉर्कच्या ड्यूकच्या पक्षाने राजाच्या बाजूच्या सॉमरसेटच्या ड्यूकला ठार केलं होतं. त्याची आणि त्या लढाईत मेलेल्या इतर सरदारांची मुलं सूड मागायला हत्यारबंद माणसं घेऊन लंडनला आली. राजा सहावा हेन्री याने समेट घडवला. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून यॉर्क पक्षाने सेंट ऑल्बन्सच्या मठाला वर्षाला 45 पौंड द्यायचं कबूल केलं. मग सेंट पॉल्स कॅथीड्रलपर्यंत मिरवणूक निघाली. राजाची पत्नी मार्गारेट चक्क आपल्या शत्रूचा, यॉर्कच्या ड्यूकचा, हात धरून चालली! पुढच्याच वर्षी पुन्हा तलवारी निघाल्या. लोक त्या राजाला भोळा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. बापाच्या मारेकऱ्यांशेजारी मुलांना चालायला लावणं सोपं नव्हतं.

या नावाची माझी आवडती बाई मात्र सतराव्या शतकातली, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलजवळची लव्हडे हॅम्बली. ती क्वेकर या, अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथाची. चर्चचा दशांश कर द्यायला तिने नकार दिला. मालमत्ता जप्त झाली, तुरुंगवास घडला, तरी तिच्या घराचं दार प्रवासी क्वेकरांना कायम उघडं असे.