पुढचा डावा

घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर काळजी नसते. उभ्या उभ्या तो तसाच विसावा घेतो, थोड्या वेळाने पाय बदलतो. पुढचा पाय मात्र उगाच सैल सोडत नाही. अंगाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात मी हे शिकवतो.

त्या सकाळी पागेत शिरलो तर घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा खरारा हातात धरून उभे. "सर, राणी डावा फुडचा म्होरं टाकून हुबी हाय. आज नगं."

बाहेर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे 18 सुपरवायझर उतरत होते. 'घोडा आणि नेतृत्व' असं सत्र, पैसे आगाऊ घेतलेले. दुसरी घोडी एवढ्या गर्दीत बुजते. "मामा, रात्रभर पावसात उभी होती, आखडली असेल. काढा बाहेर," म्हणालो. मामांनी काढली.

मी बोलायला लागलो. कोल्हापुरात घोड्यावर बोलायचं तर शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय लोक मान हलवत नाहीत, घेतलं. घोड्याला नाकासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही, म्हणून खांद्याजवळ उभं राहा, दोर सैल ठेवा. "घोडा बोलत नाही, पण सांगतो. ऐकणारा पाहिजे." हे वाक्य मी दर वेळी म्हणतो. टाळ्या मिळतात.

एक काटकुळा पोरगा राणीला घेऊन निघाला. मुरमाच्या वळणावर ती थांबली. डावीकडे वळेना. मी लांबूनच म्हणालो, "तुमच्या मनातला गोंधळ तिला कळतोय." सगळे हसले. पोरगा कानापर्यंत लाल. दोर मी घेतला, दोन पावलं दुडकी काढली, आणि डावा पाय टेकला की तिची मान वर उडते, म्हणजे तोच पाय दुखतोय, हे मला स्पष्ट दिसलं.

"आता तिला विश्रांती," एवढंच म्हणून घोडी मामांकडे दिली.

जेवताना तांबडा वाढून घेत तो पोरगा शेजारी आला. "सर, ते मामा सकाळी काय सांगत होते?"

"काही नाही. चाऱ्याचं."

दुपारी नालबंद आला. चार दिवसांपूर्वी त्यानेच नाल मारली होती. खूर हाताला गरम, वरच्या सांध्याखाली नाडी ठणठण उडत होती, एरवी ती शोधावी लागते. सांडशीने एकेक खिळा दाबत गेला. तिसऱ्याला राणीने पाय हिसकला. तो खिळा उपसला तसा भोकातून काळपट, घाण वासाचा पू आला. खिळा आतल्या जिवंत भागाला चिकटून गेला होता. नालबंद पावसाळ्याला शिव्या देत राहिला, खूर मऊ पडतात म्हणाला. पडतात, पण खिळा पावसाने मारला नव्हता. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. या बाबतीत घोडा फार नाजूक. आम्ही पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला. तासभर मामा बादलीपाशी उकिडवे बसून होते. मला काही बोलले नाहीत.

कंपनीचे अभिप्राय आले, सगळे 'उत्कृष्ट'. त्या पोराचाही.

राणी आठवडाभरात सरळ चालू लागली. पूर्वी मी फटफटी लावायच्या आत मामांचं सुरू व्हायचं, कोण खोकलं, कुणी तोबरा अर्धा ठेवला. आता मीच विचारतो, "मामा, आज कशी आहेत सगळी?"

"बरी हाईत, सर."