ब्रिटनमध्ये फसवणूक झाली, तर पहिला फोन १५९ ला

"होम ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या व्हिसात गडबड आहे, आत्ताच्या आत्ता दंड भरा." इथे शिकायला आलेल्या आपल्या मुलांना असे फोन येतात. होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, फोनवर दंड मागत नाही. तरी पोरं घाबरून पैसे भरतात आणि मग आधी पोलीस शोधत बसतात. तो वेळ बँकेचा असतो.

१५९ फिरवा, बहुतेक मोठ्या बँका लागतात. या नंबरावरून फोन कधीच येत नाही. स्क्रीनवर १५९ झळकला तर समोर भामटाच आहे. "मीच पैसे पाठवले, पण फसवून पाठवायला लावले," असं स्पष्ट सांगून परतफेडीचा दावा नोंदवा, संदर्भ क्रमांक घ्या.

७ ऑक्टोबर २०२४ पासूनचा हा नियम मला मनापासून आवडतो. ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई, एरवी कामकाजाच्या ५ दिवसांत, चौकशी लांबली तर ३५. बँक फार तर १०० पौंड कापते. दाव्याची मुदत शेवटच्या पेमेंटपासून १३ महिने. निम्मी रक्कम भामट्याचं खातं सांभाळणाऱ्या बँकेच्या माथी, म्हणून तिलाही डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्याकडे ओटीपी स्वतः सांगितला, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच.

पण दोन्ही खाती ब्रिटनमधली हवीत. खोलीचं डिपॉझिट बाबांनी पुण्याहून परस्पर 'घरमालका'ला पाठवलं आणि घरमालक खोटा निघाला, तर हा नियम लागू नाही. पैसे आधी मुलाच्या इथल्या खात्यात येऊ द्या; खोली पाहिल्यावर त्यानेच भरावेत. पुण्याहून गेलेच असतील, तर बाबांनी लगेच तिथली बँक गाठावी आणि १९३० ही भारतातली सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावावी.

बँकेनंतर पोलिसांची फसवणूक-तक्रार सेवा रिपोर्ट फ्रॉड, म्हणजे आधीचं ॲक्शन फ्रॉड: ०३०० १२३ २०४०. स्कॉटलंडमध्ये पोलिसांचा १०१. तपास अधिकारी घरी येईल ही आशा नको. बऱ्याच तक्रारी नोंदीपुरत्याच राहतात. या बाबतीत मात्र आपला १९३० सरस: त्या एका फोनवर पैसा पुढच्या बँकेत गोठवायची हालचाल सुरू होते.

फसवा एसएमएस ७७२६ ला फुकट फॉरवर्ड करा. फोन आला असेल, तर इंग्रजीत 'कॉल' लिहून पुढे तो नंबर.

बँकेने दावा फेटाळला, तर लेखी तक्रार करा. अंतिम उत्तर मिळाल्यापासून ६ महिन्यांत ग्राहक आणि बँकांमधले वाद सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.