निकाली कुस्तीची आदली रात्र

गेल्या रविवारी उशिरा सौदीतल्या जेद्दाची फॉर्म्युला वन शर्यत संपली आणि लेकीनं वहीत दोन आकडे एकाखाली एक लिहिले. ३६९.५. ३६९.५. पेन्सिल ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मार्चपासून एकवीस शर्यती झाल्या, आणि मॅक्स वर्स्टापेन आणि लुईस हॅमिल्टन यांच्यात अर्ध्या गुणाचाही फरक उरलेला नाही. बाविसावी, शेवटची शर्यत अबुधाबीच्या यास बेटावर, दुबईत करामातल्या आमच्या घरापासून गाडीनं तासा-सव्वातासावर. तिकिटं फार आधी काढली होती. तेव्हा असं काही होईल हे ध्यानीमनीही नव्हतं.

आज शनिवार, ११ डिसेंबर २०२१. क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्या, बघून रात्री घरी परतलोय, उद्या सकाळी पुन्हा निघायचंय. निकाल कळल्यावर लिहिणारे पुष्कळ असतील. मला आजची रात्र लिहून ठेवायची आहे, काहीच माहीत नसतानाची.

आधी तो अर्धा गुण. ऑगस्टच्या शेवटी बेल्जियमला स्पाच्या ट्रॅकवर पाऊस थांबेचना. तासन्‌तास वाट बघून गाड्या वेग रोखून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागं, कुणीही कुणाला न ओलांडता, दोन-चार फेऱ्या फिरल्या, आणि तेवढ्यावर निकाल लावून अर्धे गुण वाटले. मॅक्सला १२.५, तिसऱ्या लुईसला ७.५. शर्यत अशी झालीच नाही. त्या दिवशी मी चिडून टीव्ही बंद केला होता. पैसे मोजून पावसात भिजलेल्या लोकांना एक फेरीही खरी बघायला मिळाली नव्हती. त्याच दिवसाचा अर्धा गुण आता दोघांच्याही नावापुढं उभा आहे.

गुण बरोबरीत घेऊन दोघं शेवटच्या शर्यतीला उतरलेत असं याआधी एकदाच घडलंय. १९७४, अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन. मॅक्लारेनचा एमर्सन फिटिपाल्डी ५२, फेरारीचा क्ले रेगाझोनी ५२. फिटिपाल्डी चौथा आला, रेगाझोनी अकरावा, आणि विजेतेपद ब्राझीलला गेलं. मी जन्मलोही नव्हतो तेव्हा. सत्तेचाळीस वर्षांनी तसा दिवस पुन्हा आलाय आणि आमच्या खिशात तिकिटं आहेत, हे अजून पूर्ण पचनी पडलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. इथं अजून शुक्रवार-शनिवारची सुट्टी असते. याच मंगळवारी सरकारनं जाहीर केलं की जानेवारीपासून शनिवार-रविवार होणार. उद्याच्या रविवारची रजा मात्र मला काढावी लागली. लेकीच्या शाळेला हिवाळी सुट्टी लागलीय. पीसीआरचा रिपोर्ट, अल होसन या इथल्या करोना ॲपवरचा हिरवा पास, मास्क, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं दोनदा तपासलं. शेख झायेद रोडनं जबल अली मागं पडलं की इमारती संपतात. दोन्हीकडं फिकट वाळू, विजेचे मनोरे, मधूनच खजुरीची रांग. घंतूतपाशी अमिरात बदलते. दुबईत वेगमर्यादेवर वीसची सूट मिळते, अबुधाबीत ती नाही, म्हणून पाटी दिसली की इथले सगळे गाडीवाले काट्याकडं बघतात. कालही बघितलं. पण काल आमच्या शेजारून जाणाऱ्या दर चार-पाच गाड्यांमागं एकीच्या काचेत नारंगी झेंडा होता. मॅक्सच्या नेदरलँड्सहून माणसं विमानं भरभरून आली आहेत.

आमच्या गाडीत मात्र दोन पक्ष आहेत. मी २००७ पासून हॅमिल्टनचा. पहिल्याच वर्षी तो पोरगा फर्नांडो अलोन्सोच्या बरोबरीनं गाडी हाकत होता, आणि विजेतेपद एका गुणानं हुकलं तरी दुसऱ्या वर्षी इंटरलागोसच्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणांवर टिमो ग्लॉकला मागं टाकून त्यानं ते एका गुणानंच मिळवलं. तेव्हापासून त्याच्यावर माझा जीव आहे. उद्या जिंकला तर आठवं विजेतेपद, जे आजवर कुणाकडंच नाही. मायकेल शूमाकरचीही सातच. लेक तेरा वर्षांची. तिला कळायला लागल्यापासून हॅमिल्टन जिंकतोच आहे, त्यामुळं तिला मॅक्स हवा. तिची टोपी नारंगी. "बाबा, तुमचे सात झालेत की," एवढाच तिचा युक्तिवाद, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

माझं बालपण कोल्हापूरचं. आजोबा बोट धरून खासबाग मैदानात कुस्त्यांना न्यायचे. शाहू महाराजांनी ते मैदान असं बांधून घेतलंय की कुठंही बसा, मधला हौदा पुरा दिसतो, तांबड्या मातीचा कण न्‌ कण. शर्यतीच्या मैदानावर नेमकं उलटं. ५.२८१ किलोमीटरची वाट, आणि आपल्या वाट्याला त्यातलं एक वळण. आमची जागा नॉर्थ ग्रँडस्टँडमध्ये, पाचव्या वळणावर. बाकीचं सगळं मोठ्या पडद्यावर बघायचं. पण ते एक वळण मिळालंय ते भाग्याचं. तिथं आधी वेग तोडायला डावं-उजवं नागमोडी वळण घातलेलं होतं, ते यंदा काढून आमचं वळण रुंद केलंय. भरधाव येऊन जोरात ब्रेक, गाडी जवळजवळ उलटी फिरवायची, आणि पुढं लांबच लांब सरळ पट्टा. आत घुसायचं धाडस करायला ही जागा. पलीकडचं एक किचकट वळणांचं जंजाळ मोडून तिथंही एकच लांब, एका बाजूनं उचललेलं वळण केलंय.

हे बदल का केले ते २०१० ची शर्यत आठवली की कळतं. त्या वर्षी चौघांना विजेतेपदाची संधी होती. अलोन्सो २४६ गुणांवर सगळ्यांच्या पुढं होता. टायर बदलून पिटमधून लवकर बाहेर आला आणि व्हिटाली पेट्रोव्हच्या रेनॉच्या मागं अडकला तो जवळपास चाळीस फेऱ्या अडकला. वेगवान गाडी, दोनदा जगज्जेता झालेला माणूस, आणि पुढं जायला जागाच नाही. सेबॅस्टियन व्हेटेल त्या रात्री पहिल्यांदा विजेता झाला, आधी एकदाही गुणतक्त्यात वर नसताना. मी नुकताच दुबईत आलो होतो, तिकीट परवडणारं नव्हतं, खोलीवरच्या पोरांबरोबर टीव्हीवर बघितली. पुढच्या वर्षी दिवाळीला घरी गेलो होतो, तेव्हा भाऊबीज झाली तशी रात्री मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडून दिल्ली गाठली आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत पाहिली. त्या व्ही-८ इंजिनांचा आवाज छातीत घुसायचा. आताची हायब्रिड इंजिनं तशी ओरडत नाहीत. पण त्यामुळं काल एक गोष्ट ऐकू आली जी तेव्हा आली नव्हती, वळणावर टायर घासल्याचा आवाज.

आज दुपारचं मात्र आधी सांगायला हवं. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, फॉर्म्युला टूची, छोटी स्प्रिंट शर्यत होती, आणि ती मुंबईच्या जेहान दारूवालानं जिंकली. आमच्या समोरून तो पहिला जात होता फेरीमागून फेरी, आणि मला बसवेना. मग भोंग्यातून जन गण मन वाजलं. स्टँडमध्ये इकडं तिकडं विखुरलेली आपली माणसं उभी राहिली; तोवर ती आपली आहेत हे कळलंही नव्हतं. दोन ओळी पुढं बसलेले एक आजोबा मास्कमधून मोठ्यानं म्हणत होते. लेकीनं माझा हात धरला होता. ऑस्कर पियास्त्रीचं फॉर्म्युला टूचं विजेतेपदही आजच नक्की झालं, पण माझ्या ध्यानात ते राष्ट्रगीतच राहिलंय.

पाचला क्वालिफायिंग. उद्याची शर्यतही पाचलाच, म्हणजे उजेडात सुरू होऊन दिव्यांखाली संपणार. सूर्य खाली जातो तसा ट्रॅकवर बांधलेल्या हॉटेलचा जाळीदार मांडव रंग बदलू लागतो, आणि ब्रेक मारताना चाकांच्या आतल्या चकत्या लालबुंद झालेल्या साध्या डोळ्यांनी दिसतात. क्वालिफायिंगच्या दुसऱ्या भागात मॅक्सचा टायर घासून सपाट झाला, त्यामुळं वेळ सॉफ्ट टायरवर लावावी लागली. नियमानं उद्या त्याला सॉफ्टवरच सुरुवात करावी लागेल, लुईस जरा टणक मीडियमवर. सॉफ्ट सुरुवातीला झेप घेतो, पण लवकर दमतो. मग शेवटच्या भागात मॅक्सचा जोडीदार सर्जिओ पेरेझ सरळ पट्ट्यावर त्याच्या पुढं राहिला, वारा कापून त्याला ओढ दिली आणि बाजूला झाला. मॅक्सची वेळ १ मिनिट २२.१०९ सेकंद, पहिला. लुईस ०.३७१ नं मागं, दुसरा. काल संध्याकाळी आणि आज तिसऱ्या सरावात लुईस सगळ्यांत वेगवान होता, म्हणून मी निश्चिंत होतो. नारंगी स्टँड असा उसळला की पायाखालच्या फळ्या हलल्या. लेक उड्या मारत होती आणि मध्येच थांबून माझा चेहरा बघत होती. मी टाळ्या वाजवल्या. फेरीच तशी होती.

कार पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या गाडीतल्या डच कुटुंबालाही दिली. त्यातल्या बाईंनी चटणीचा दुसरा घास मागून घेतला, आणि विचारलं, उद्या काय होईल?

मला जे वाटतं ते त्यांना धड सांगता आलं नाही. इथं लिहितो. मॅक्सच्या नावावर यंदा नऊ विजय आहेत, लुईसच्या आठ. गुण सारखेच राहिले तर जास्त विजयवाला विजेता. म्हणजे दोघं एकमेकांवर आदळून बाहेर पडले तर मॅक्स जगज्जेता. यंदा सिल्व्हरस्टोनला हे आदळलेत, मॉन्झाला मॅक्सची गाडी लुईसच्या गाडीवर चढली आणि डोक्यावरच्या हेलो नावाच्या संरक्षक कडीनं त्याचं डोकं वाचलं, गेल्या रविवारी जेद्दाला पुन्हा धडक. इतिहासही सांगतो. १९९० ला सुझुकाच्या पहिल्याच वळणावर आयर्टन सेना आणि ॲलन प्रोस्ट, १९९४ ला ॲडलेडला शूमाकर आणि डेमन हिल, १९९७ ला हेरेथला शूमाकर आणि जाक व्हिलनव्ह. पहिल्या दोन वेळा धडक देणारा विजेता झाला. तिसऱ्या वेळी शूमाकर खडीत रुतला आणि मोसमाच्या निकालातूनच बाद झाला. म्हणून या आठवड्यात शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी संघांना लेखी आठवण दिलीय की खिलाडूपणा सोडला तर गुणही कापले जाऊ शकतात.

खासबागेत आजोबा एकच गोष्ट म्हणायचे, कुस्ती निकाली झाली पाहिजे. एकाची पाठ मातीला लागलेली आख्ख्या मैदानानं डोळ्यांनी बघितली पाहिजे. खडाखडीत वेळ संपवून बरोबरीत सोडवलेली कुस्ती त्यांना चालायची नाही, आणि पंचांच्या कुजबुजीत ठरलेली तर मुळीच नाही. जिंकलेला पैलवानही मग खाली मान घालून फेटा बांधून घेतो, म्हणायचे. मला लुईस जिंकायला हवाय, मनापासून हवाय. ब्राझीलला शनिवारच्या छोट्या शर्यतीत शेवटून सुरू करून रविवारी तो जिंकला ते पाहिल्यावर तर हवाच आहे. पण मॅक्सनं त्याला अठ्ठावन्न फेऱ्यांत गाडी हाकून हरवलं तर मी त्या डच बाईंचं अभिनंदन करून घरी येईन आणि झोपही लागेल. वाळूत रुतलेल्या दोन गाड्या, किंवा रात्री उशिरा कुठल्यातरी खोलीत बसून केलेला फैसला, हे मला नकोय. या दोघांनी वर्षभर जे ओतलंय त्याची ती किंमत नव्हे.

उद्या आणखी एक निरोप आहे. किमी रायकोनेनची ही शेवटची शर्यत, २००१ पासून धावतोय तो. २००७ ला ज्या एका गुणानं लुईसचं विजेतेपद हुकलं, तो गुण किमीकडं गेला होता. तेव्हा त्याचा राग यायचा. आज तो समोरून गेला तेव्हा मी उभा राहिलो.

घरी आल्यावर लेकीनं वही काढली. उद्याचा तक्ता केलाय तिनं: आडवे मॅक्सचे क्रमांक, उभे लुईसचे, प्रत्येक चौकोन रंगवलेला, मॅक्स विजेता तिथं नारंगी, लुईस तिथं मोरपंखी. मॅक्स नववा आणि लुईस सर्वांत वेगवान फेरीचा जादा गुण घेऊन दहावा आला तर पुन्हा बरोबरी होते, हेही तिनं शोधून नारंगी केलंय. शेवटचा कोपऱ्यातला चौकोन, दोघंही बाहेर, तेवढा पांढरा.

"हा राहिला की. हाही तुझाच ना?"

"माहितीय," ती म्हणाली, आणि वही मिटून झोपायला गेली.

आत्ताच कोल्हापूरहून आईचा फोन येऊन गेला. तिकडं दीड वाजलाय, तिला झोप नाही. "दोघं सारखंच हाईत म्हणं रं?" नातीनं तिला सगळं सांगून ठेवलंय. म्हटलं, हो, आणि तुझ्याकडं साडेसहाला सुरू होईल, टीव्ही लाव. "लावते. देवापुढं दिवा लावून हुतंय तवर." मग जरा थांबून, "कुणासाठी हात जोडायचं ते सांग. तुझ्या का पोरीच्या?"

म्हटलं, दोघांच्याही. दहाला निघायचंय, आता झोपतो.