२७ इंची मॉनिटर आणि बाबांची नाटकं

गेल्या दिवाळीत जुना २४ इंची मॉनिटर काढून २७ इंची घेतला. जुना १९२० बाय १०८० पिक्सेलचा, नवा २५६० बाय १४४०. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, आणि १०८० किंवा १४४० म्हणजे त्यांच्या ओळी. पीसी घरात एकच, हॉलच्या कोपऱ्यात. संध्याकाळी त्यावर बाबा नाटकं बघतात, रात्री दहानंतर तो माझा.

पहिल्याच रात्री काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम लावला. त्यातल्या डस्ट २ या नकाशात, लाँग नावाच्या लांबलचक वाटेवर, लांबून डोकावणारा माणूस आधी नुसता काळपट ठिपका वाटायचा, आता त्याचं डोकं आणि खांदा वेगळे कळायला लागले. जीव हरखला. पण माउस फिरवला की हात जड वाटायचा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) बनतात ते, बघितले तर दीडशेच्या घरातले नव्वदवर आलेले.

हिशेब साधा आहे. १०८० ला पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० ला ३६.९ लाख. म्हणजे दर फ्रेमला पावणेदोनपट रंगकाम, आणि ते करणारं माझं ग्राफिक्स कार्ड तेच, जीटीएक्स १६६० सुपर. फोरकेला (३८४० बाय २१६०) तर हा आकडा ८२.९ लाखांवर जातो.

मग गेम १०८० वर आणून पाहिला. एफपीएस परत आले, पण अक्षरांच्या कडा पुसट झाल्या. १०८० च्या एका ओळीला १४४० मध्ये सव्वापेक्षा थोडी जास्त, म्हणजे एक आणि एक तृतीयांश ओळ मिळते. पिक्सेलचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. शेवटी रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) १४४० च ठेवलं आणि शॅडोची, म्हणजे सावल्यांची, सेटिंग खाली आणली. जड गेमना एफएसआर ही गेममधली सोय लावतो. त्यात दृश्य कमी रिझोल्यूशनवर बनून मोठं होतं, पण नकाशा आणि गोळ्यांचे आकडे पूर्ण धारदार राहतात. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी प्रो खेळाडू स्पष्टता सोडून आजही १२८० बाय ९६० ताणून खेळतात, हे मला आता मनापासून पटतं.

खरी पंचाईत बाबांची झाली. "अरे, नवीन आणलास ना? मग यांचे चेहरे धुतल्यासारखे का दिसतायत?" नाटक होतं कॅसेटवरून चढवलेलं, ४८० ओळींचं. प्रत्येक ओळीच्या तीन ओळी करून ती मोठ्या काचेवर पसरलेली. जे मुळात टिपलंच गेलं नाही, ते मॉनिटर कुठून आणणार? बाबांना हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण मॉनिटर घेताना मी त्यांनाही "बघा, किती छान दिसेल" म्हणालो होतो.

उलट हरिश्चंद्रगडाचा पावसातला एक व्हिडिओ १४४० वर लावला, तेव्हा ते पुढे सरकून बसले. १०८० ला यूट्यूबवर पाऊस आणि पानं चौकटी-चौकटींत फुटायची. १४४० ला बिटरेट (सेकंदाला येणारी माहिती) जास्त मिळतो, त्यामुळे कातळावरून ओघळणारं पाणीसुद्धा सुटं दिसतं. तुमचा मॉनिटर १०८० चा असला तरी यूट्यूबवर १४४० निवडून बघा, फरक कळेल.

नाटकासाठी आता फुल स्क्रीन करत नाही, खिडकी अर्ध्यावर ठेवतो आणि खुर्ची दीड फूट मागे. बाबांनी तिच्या पायांपाशी फरशीवर खडूने खुणा केल्यात. रात्री दहाला मी खुर्ची पुढे ओढतो, झोपताना परत खुणेवर नेऊन ठेवतो.